मनातला रनआउट

ठाकुरद्वारच्या आपल्या घरात शशिकांत त्रिलोकेकर पलंगावर डोळे मिटून पडला होता आणि एकोणपन्नास धावांवर खेळत होता. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण गुडघा काही वाकेना. विलायतेहून नुकतेच परतलेले डॉक्टर म्हणाले होते, "रोज डोळे मिटा आणि मनात मॅच खेळा. मन धावलं की पायालाही धावणं आठवतं. नाही आठवलं, तर मात्र क्रिकेट विसरा." क्लबचा हा सलामीचा फलंदाज त्या दिवसापासून इमानेइतबारे मनात खेळत होता.

"अरे, नो! नो!" शशिकांत ओरडून उठून बसला. गुडघा फळीसारखा ताठ झाला होता.

सरोजिनी कणकेच्या हातांनी धावत आली. "अहो, काय झालं? दुखलं का?"

"तुझ्या भावानं रनआउट केलं मला."

"मनूदादानं? तो तर आठवडाभर इकडे फिरकला नाही!"

"मनात गं! रोज फिफ्टीला एक रन हवा असतो आणि रोज हा 'यस' म्हणतो, मी धावतो, की लगेच म्हणतो 'नो'."

"मग दुसऱ्या कुणाला घ्या की जोडीला."

शशिकांतनं संध्याकाळी मनात क्लबातल्या जयवंतला जोडीला घेतलं. तर पॅव्हेलियनमधून मेहुणा मनमोहन धावतच आत आला. म्हणाला, "शशी, तुझा गुडघा दुखतोय, मी तुझा रनर." आणि पुन्हा रनआउट. आपल्याच डोक्यात आपलं कुणी का ऐकत नाही, हे शशिकांतला कळेना.

रविवारी खरा मनमोहन मोसंबी घेऊन आला. शशिकांतनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"शशी, रागावलास?"

"तुला ठाऊक आहे."

मनमोहनचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "हरताळाच्या दिवशी मी ऑफिसात गेलो, ते तुला कुणी सांगितलं?"

आरामखुर्चीतल्या अप्पांचं वर्तमानपत्र खाली आलं. शशिकांतच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा चुकवली नव्हती.

"हरताळाच्या दिवशी? ऑफिसात?"

"साहेबानं बोलावलं होतं, अप्पा. मागच्या दारानं गेलो."

"म्हणजे आम्ही पुढच्या दारानं मुंबई मागायची आणि तुम्ही ती मागच्या दारानं देऊन टाकायची! सरोज, तुझ्या भावाला सांग, या घराची पायरी..."

सरोजिनीचे डोळे भरून आले. शशिकांत घाबरला. "अप्पा, थांबा! माझा राग त्याबद्दल नाही. यानं मला रनआउट केलं."

"कधी?" मनमोहन चक्रावला.

"परवा, काल आणि आज सकाळी."

"आज सकाळी मी दाढी करत होतो!"

सरोजिनीनं डोळे पुसत सगळं समजावून सांगितलं. अप्पांनी क्लबसाठी बरीच वर्षं अंपायरिंग केलं होतं. हरताळ बाजूला ठेवून ते पुढे सरकले. "चेंडू कुठे गेला होता?"

"कव्हरला."

"म्हणजे तुझ्या पुढे. मग कॉल तुझा! याचा काय दोष?"

शशिकांत गोंधळला. नीट बघून घ्यावं म्हणून त्यानं डोळे मिटले. सगळे पलंगाजवळ सरकले.

"नाही, नाही. मागे गेलाय. थर्डमॅनला."

"आत्ता कव्हरला म्हणालास ना रे?" मनमोहनचा आवाज चढला. "थर्डमॅनला गेला तर कॉल माझा! आणि तिथे आरामात एक रन आहे, 'नो' म्हणायला मी काय येडा आहे? यस! यस! पळ!"

डोळे मिटलेला शशिकांत पळाला. म्हणजे पलंगावरच, पण गुडघा सर्रकन वाकला आणि टाच थेट मांडीला टेकली.

"वाकला गं बाई!" सरोजिनी ओरडली.

"फिफ्टी," शशिकांत पुटपुटला.

डॉक्टर भलतेच खूश झाले. रोज ऑफिसला जाण्याआधी मनमोहननं येऊन कॉल द्यायचा, असं ठरलं. अप्पा त्याच्याशी अजून बोलत नव्हते, पण त्या वेळी खुर्ची मात्र पलंगाच्या डोक्याशी ओढून बसत. गुडघा दिवसेंदिवस मोकळा होत गेला. शशिकांतची धावसंख्या शंभराच्या घरात पोचली.

मग एका सकाळी त्यानं अचानक डोळे उघडले. चेहरा काळवंडलेला.

"मी काही केलं नाही हं!" मनमोहन आधीच म्हणाला.

"तू नाहीस. पायचीत झालो."

"आउट कुणी दिलं?"

शशिकांतनं खुर्चीकडे पाहिलं. "अप्पा, चेंडू लेगस्टंपच्या बाहेर पडला होता."

वर्तमानपत्रातून मान वर न करता अप्पा म्हणाले, "सरळ स्टंपवर होता. चहा घे आणि पॅव्हेलियनमध्ये जाऊन बस."