दहा मिनिटांची शांतता

टक्!

घर इतकं शांत होतं की तो आवाज तिच्या थेट कानशिलात बसला. ती होती कपड्यांच्या कपाटात. डावीकडे नवऱ्याचे शर्ट, उजवीकडे रजया, मांडीवर माइक. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिनेच काढलेली युक्ती! मन शांत करायच्या सूचना रेकॉर्ड करून देणं हे तिचं काम. "राग आला की त्याच्याकडे लांबून पाहा," हे ती इतकं मऊ म्हणायची की वाक्य संपायच्या आत ऐकणारा घोरायला लागावा. सकाळीच तिने नवऱ्याला ऐकवलं होतं, "माझा आवाज चढलेला ऐकलायस कधी? मला मुळी राग येतच नाही!" नवरा शहाणा. खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिला.

टक्! टक्!

तीनदा रेकॉर्डिंग बिघडलं होतं आणि ते दुपारपर्यंत पाठवायचं होतं. रागाकडे लांबून पाहायला सवडच मिळाली नाही. कपाटाचं दार धाडकन उघडून ती बाहेर आली, गळ्यात हेडफोन, डोक्यावर नवऱ्याच्या शर्टाची बाही.

"या घरात दहा मिनिटं कुणाला गप्प बसता येत नाही का? सतत खुडबुड, सतत गुणगुण! जीव नकोसा केलाय नुसता!"

समोर सासरे उभे. एका हातात छोटी हातोडी, दुसऱ्यात तेलाची कुपी. खोलीचं दार करकरतं, रेकॉर्डिंगमध्ये येतं, अशी तक्रार कालच तिने केली होती. आबा बिजागरीची खीळ ठोकून तेल घालत होते.

"चुकलंच माझं, पोरी," ते म्हणाले आणि पाय न वाजवता निघून गेले.

ती दोन पावलं त्यांच्यामागे गेली. पण काम डोक्यावर बसलेलं. झालं की बोलू, म्हणत ती पुन्हा कपाटात शिरली. आणि काय सांगावं, घर खरंच गप्प झालं! गुणगुण नाही, घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही. रेकॉर्डिंग एका दमात पार पडलं. खुशीत तिने फाइल पाठवली आणि मोबाइलवर वेळ पाहिली. अडीच! मुलगी तर शाळेतून दीडला येते!

धावत जाऊन दार उघडलं, तर जिन्यावरून व्हॅनवाले काका लेकीला घेऊन धापा टाकत येत होते.

"अहो, होतात कुठे? बेल वाजवायला काय झालं होतं?" दिवसभरातला दुसरा भडका.

"बाई, वाजवून वाजवून बोट दुखलं! फोनही उचलेनात. शेवटी बाकीची पोरं सोडेपर्यंत हिला सोबत फिरवली."

"आई, मी सगळ्यांची घरं बघितली!"

"बेल वाजत नाही म्हणजे काय?" तिने बटण दाबलं. शुकशुकाट. पुन्हा दाबलं. शुकशुकाट!

गॅलरीचं दार उघडून आबा मोज्यांवर, चवड्यांवर चालत आले. त्यांनी तळहात पुढे केला. बेलचे दोन सेल, घड्याळाचा एक.

"तुला त्रास नको म्हणून काढले," ते कुजबुजले. "चुकून गुणगुणलो तर, म्हणून मी गॅलरीत दार लावून बसलो होतो."

काका जिना उतरले. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. स्टुडिओवाल्या मॅडम.

"अगं, फाइल ऐकली. छान शांत वाटायला लागलं, आणि एकदम कुणीतरी बाई 'जीव नकोसा केलाय' म्हणून किंचाळली! चहा सांडला माझा. ती बाई ठेवायची की काढायची?"

खुशीच्या भरात नव्याऐवजी सकाळची बिघडलेली फाइल गेली होती.

"काढा," ती म्हणाली. "मुळापासून काढा."

मग तिने आबांची माफी मागितली, अगदी हात धरून. "अगं, कामात होतं असं," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. पण तेही कुजबुजतच. नंतर टोस्ट कुरकुरू नये म्हणून दुधात पार लगदा करून खाल्ला.

"आबा, गुणगुणा ना काहीतरी!"

"आत्ता सुचत नाहीये गं."

लेक हे सगळं बघत होती. ती आईच्या जवळ सरकली.

"तू आबांना सॉरी का म्हणालीस?"

"मी त्यांच्यावर खूप ओरडले ना, म्हणून."

"हो? मग आबांनी काय केलं होतं?"