चिमणाबाईंच्या श्रद्धेची काळजी

वाचक मंडळाच्या खोलीच्या उंबरठ्यापासून चिमणाबाईंच्या पोत्यापर्यंतचं अंतर सव्वादोन फूट होतं. ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, कुठल्या नियमातही नव्हतं. तरी दोन वर्षांत ते इंचभर कमी झालं नाही की वाढलं नाही. आत वाचलेलं बाहेर ऐकू यावं इतकं ते जवळ होतं, आणि बाहेर बसलेलं माणूस सभासद आहे असा कुणाचा गैरसमज होऊ नये इतकं लांब. पोतं साखरेचं होतं, धुऊन चौघडी केलेलं. रविवारी चर्च झाडून झालं की चारला चिमणाबाई ते पसरून बसत, आणि पाचला मंडळ उठलं की झटकून पुन्हा जिन्याखाली ठेवत.

मंडळाचे चिटणीस पास्कोल बारदेस्कर यांना ही मांडणी फार आवडे. ते मूळचे गडहिंग्लजकडचे, कोल्हापुरात पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. जी गोष्ट न ठरवता सुरळीत चालते तिच्याबद्दल त्यांना आदर होता. जी ठरवूनही चालत नाही तिच्यावर तर त्यांचं पोट होतं.

मंडळ निघालं ते नवे धर्मगुरू फादर लिओ यांच्यामुळे. १९७७ साली एका रविवारी मिस्सेची प्रार्थना संपताना ते म्हणाले, "लोकांनी आता स्वतः वाचायला हवं." दुसऱ्याच आठवड्यात सात सभासदांचं मंडळ आणि एकतीस नियमांची नियमावली तयार झाली. अध्यक्षपद रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या अल्वारिससाहेबांकडे गेलं, कारण कोट त्यांच्याकडेच होता. शाळेतल्या लोबोबाई उपाध्यक्ष झाल्या. बारदेस्कर चिटणीस. उरलेले चौघे गणसंख्या होते.

पहिलं पुस्तक एका संताचं चरित्र होतं. दर रविवारी पाळीपाळीनं मोठ्यानं वाचत ते अकरा महिन्यांत संपलं. मग प्रश्न आला, पुढचं कोणतं?

त्याच रविवारी चिमणाबाई उंबरठ्यापाशी उभ्या राहिल्या. हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं.

"बारदेस्करसायब, पोरीनं धाडलंय बेळगावास्नं. ती तितं मठात सिस्टर हुयाला गेलीया न्हवं? हितं हुती तवर मला समदं वाचून दावायची. आता म्हनती, आई, ह्ये मंडळात वाचून घे आनि कसं वाटलं त्ये मला कळीव. तवा हेच वाचा की पुढचं."

पुस्तकाचं नाव 'पाठीमागचा बाक' होतं. बारदेस्करांनी ते दोन बोटांनी घेतलं आणि आवक क्रमांक सात म्हणून नोंदवलं.

"वाचू, चिमणाबाई. पण आधी पाहावं लागेल."

"बगा की. बगूनच वाचत्यात."

पाहण्यासाठी पूर्ववाचन उपसमिती नेमली गेली. तिच्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि चिटणीस होते. तिघांनी तीन आठवड्यांत पुस्तक वाचलं आणि खरं सांगायचं तर तिघांनाही ते आवडलं. गोष्ट छोट्याशा गावातल्या चर्चची होती. चर्च झाडणारी एक म्हातारी शेवटच्या बाकाच्याही मागं, दाराशी बसते. एके दिवशी ती येत नाही. तीन रविवार कुणाला कळत नाही. तिसऱ्या रविवारी बाकांवर धूळ दिसते, तेव्हा लोक धुळीबद्दल तक्रार करतात.

"मला दोन रुमाल लागले," लोबोबाई म्हणाल्या.

"उत्तम पुस्तक," अल्वारिससाहेब म्हणाले. "आपण पचवू. पण नियम चौदा?"

नियम चौदा असा होता: साध्या भाविकाच्या श्रद्धेस धक्का बसेल असे पुस्तक निवडता येणार नाही.

"आपल्याला काही धक्का बसला नाही," लोबोबाई म्हणाल्या.

"आपण साधे कुठे आहोत?" अल्वारिससाहेबांनी विचारलं, आणि यावर सर्वांचं एकमत झालं.

आता साधा भाविक म्हणजे कोण, हे ठरवणं भाग होतं. बारदेस्करांनी त्यावर आठवडाभर विचार केला. त्यांचा एक मेहुणा वजनमापं खात्यात होता. तिथं कपाटात एक प्रमाण वजन मखमलीत गुंडाळून ठेवलेलं असतं. ते कुणी वापरत नाही, म्हणूनच ते खरं राहतं. बाजारातली सगळी वजनं त्याच्यावरून तपासायची. श्रद्धेचंही तसंच करायला काय हरकत होती? त्यांनी व्याख्या मांडली: जो रोज मिस्सेला येतो, ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याने आजवर एकही शंका विचारलेली नाही, तो प्रमाण भाविक.

चर्चच्या सगळ्या धर्मग्रामात या तिन्ही अटी पुऱ्या करणारं माणूस एकच निघालं. चिमणाबाई. त्या दर रविवारी "आज वाचायचं न्हवं?" असं विचारत, पण ती शंका नसून स्मरणपत्र आहे असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला.

अशा रीतीनं चिमणाबाईंनी आणलेलं पुस्तक चिमणाबाईंच्या श्रद्धेस धक्का बसू नये म्हणून कपाटात कुलूपबंद झालं. त्यांना हे सांगायचं नाही असंही ठरलं. सांगितलं तर त्या विचार करू लागतील, आणि विचार करणारा भाविक प्रमाण कसा राहणार?

त्यानंतर प्रत्येक पुस्तक चिमणाबाईंवरून तपासलं जाऊ लागलं. ताऱ्यांवरचं एक पुस्तक आलं. त्यातली अंतरं इतकी मोठी होती की चिमणाबाईंचा स्वर्ग हाताबाहेर गेला असता. मधमाशीपालनाचं आलं, राणीमाशीची वागणूक पाहून लोबोबाईंनीच ते मिटलं. दुसऱ्या एका संताचं चरित्र जवळजवळ मंजूर झालं होतं, पण संत होण्याआधी तो बराच काळ माणूस होता असं पान सोळावर आढळलं. काळजी अशी वाढत गेली. एकदा गणसंख्येपैकी एकानं सुचवलं, की चर्चा बाहेर ऐकू जाते आणि नुसत्या चर्चेनंही श्रद्धेवर थोडा थोडा परिणाम होत असणार. ठराव झाला. पुढच्या रविवारी दार लोटून घेतलं गेलं.

"दार का वो लावलासा?" बाहेरून आवाज आला.

"वाऱ्यामुळं, चिमणाबाई," बारदेस्कर आतून म्हणाले.

"वारा कुटं हाय? वडाचं पान हालंना झालंय."

कार्यवृत्तात 'वारा' अशी नोंद झाली.

फादर लिओ राजदूत मोटारसायकलवर बसून खेड्यापाड्यांत फिरत असत. महिन्यातून एकदा ते खोलीत डोकावत. "अजून ठरलं नाही? अहो बारदेस्कर, काहीही वाचा. पण वाचा!"

'काहीही' या शब्दाचा नियमावलीनुसार अर्थ काय, यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत निष्कर्ष निघाला, की फादर आपली परीक्षा घेत आहेत.

आठ महिने गेले तेव्हा चिमणाबाईंनी बारदेस्करांना चर्चच्या फाटकातच गाठलं.

"सायब, पोरीचं तिसरं पत्र आलं. वाचलंस का म्हनून इचारती. मी काय सांगू? तुमी वाचत नसला तर माजं मला द्या. दुसऱ्या कुनाकडनं तरी वाचून घेतो."

बारदेस्कर मनानं वाईट नव्हते. त्यांना क्षणभर वाटलं, किल्ली खिशातच आहे. पण आवक झालेली वस्तू तोंडी मागणीवर परत द्यायची, तर मग आवक नोंदवही कशाला?

"त्यासाठी लेखी अर्ज लागतो, चिमणाबाई. स्वहस्ते लिहिलेला. खाली सही."

"अंगठा चालंल न्हवं? रेशनला चालतोय."

"रेशनला चालतो," बारदेस्कर हळुवारपणे म्हणाले. "पण हे वाचक मंडळ आहे."

"बरं," चिमणाबाई एवढंच म्हणाल्या आणि झाडू उचलून आत गेल्या.

त्या वर्षी सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले होते. जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेत दुपारी दोन ते तीन असा एक वर्ग मेहमुदा मुल्लाणी नावाची तरुण मास्तरीण घेत असे. तिच्या पटावर बावीस बायका होत्या आणि वर्गात चार येत. पाचवी आली ती चिमणाबाई.

मंडळाला याचा पत्ता नव्हता. मंडळ त्यांच्या श्रद्धेचं रक्षण करण्यात गढून गेलेलं होतं. पाच महिन्यांनी एका रविवारी दाराखालच्या फटीतून एक कागद आत सरकला. अक्षरं टपोरी होती, पेन्सिलीनं काढलेली. अर्ज करते की माझं पुस्तक मला द्यावे. खाली सही होती, आणि सहीखाली, कदाचित जागा उरली म्हणून, पुन्हा एकदा सही होती.

बारदेस्करांनी कागद दोनदा वाचला. मखमलीतल्या प्रमाण वजनाला गंज चढलेला पाहून निरीक्षकाला जे वाटेल तेच त्यांना वाटलं.

"चिमणाबाईंना वाचता येतं," ते म्हणाले.

"कुणी शिकवलं?" अल्वारिससाहेबांनी विचारलं, चोरी कुणी केली असं विचारावं तसं.

"मग आता आपण कुणाची काळजी करायची?" लोबोबाई म्हणाल्या.

प्रश्न अडचणीचा होता. प्रमाण भाविक नाही तर धक्का कुणाला बसणार? आणि धक्का कुणालाच बसणार नसेल तर पुस्तक नाकारायचं कसं? नवा प्रमाण भाविक शोधायला सुरुवात झाली. अल्वारिससाहेबांनी लोबोबाईंच्या सासूबाईंचं नाव सुचवलं. लोबोबाईंनी अल्वारिससाहेबांच्या सौभाग्यवतींचं सुचवलं. यानंतर दोन रविवार ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. गणसंख्येला विचारलं, तर चौघांपैकी प्रत्येकानं उरलेल्या तिघांकडे बोट दाखवलं. साधं माणूस प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाच्या शेजारीच राहत होतं. स्वतःच्या घरात मात्र ते कुणालाच सापडेना. हे वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल.

अर्ज मात्र परिपूर्ण होता. बारदेस्करांनी कुलूप काढलं, जावक नोंद केली आणि पुस्तक दाराबाहेर दिलं.

मग एक नवीच अडचण उभी राहिली. चिमणाबाई पोत्यावर बसून वाचू लागल्या. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत त्या मोठ्यानं वाचत. बंद दारातून ते आत येई. एका वाक्याला दोन-दोन मिनिटं लागत. 'म्हा... ता... री... नं... झा... डू...' असं चाललेलं असताना आत विषयपत्रिका पुढे सरकेना. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही, पण सगळे गप्प बसत. एका रविवारी घड्याळात पाच वाजले आणि म्हातारीचं वाक्य अर्धंच राहिलं, तेव्हा अल्वारिससाहेब खुर्चीतून उठेनात. बारदेस्करांनी त्या दिवशीच्या नोंदीत 'सविस्तर चर्चा' असं लिहिलं.

दोन महिन्यांनी, उपवासकाळाच्या तोंडावर, फादर लिओ आले ते हेल्मेट न काढताच बोलले. "पुढच्या रविवारी बिशप येतायत. मंडळ काय वाचतंय म्हणून त्यांनी विचारलंय. आज नाव सांगा, नाहीतर ही खोली मी मेहमुदाबाईंच्या वर्गाला देतो. त्यांच्याकडे आता एकोणीस बायका येतात. मी बाहेर थांबतोय."

प्रकरण अंगावर आलं. बारदेस्करांनी नियमावली पुन्हा पुन्हा चाळली आणि शेवटी त्यांना वाट दिसली. ज्याच्या श्रद्धेची परीक्षा पुस्तक वाचून झालेली आहे असं धर्मग्रामातलं एकच माणूस दाराबाहेर बसलेलं होतं. तिलाच विचारावं. ती म्हणेल तो निर्णय, आणि तो अंतिम. ठराव सर्वानुमते झाला. दार उघडलं आणि चिमणाबाई पहिल्यांदाच आत आल्या.

खुर्च्या सात होत्या आणि सभासद सात. मोजणी बरोबर असल्यामुळे कुणी उठलं नाही.

"हे पुस्तक आपण पूर्ण वाचलंत?" बारदेस्करांनी उभ्या असलेल्या चिमणाबाईंना विचारलं. आपण त्यांना 'आपण' म्हटलं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"दोनदा. पैल्यांदा अक्षरं वाचली, दुसऱ्यांदा पुस्तक."

"त्यामुळे श्रद्धेस धक्का बसला का?"

"कुनाच्या?"

"आपल्या."

"माज्या?" चिमणाबाई हसल्या. "मला कशानं बसंल? झाडनारी बाई तीन आयतवार आली न्हाय, कुनाला कळलं न्हाय. ह्यात नवं काय हाय, सायब? उलटं बरं वाटलं, कुनीतरी लिवून ठेवलं म्हून. पोरीलाबी तसंच लिवलं. माज्या हातानं."

'धक्का: निरंक,' बारदेस्करांनी लिहिलं. खोलीभर सुटकेचा निःश्वास फिरला. लोबोबाईंनी रुमाल काढला. पुस्तक चांगलं होतं, सर्वांना आवडलं होतं, आणि आता ते नाकारायला काहीही कारण उरलेलं नव्हतं. बारदेस्करांनी नवी ओळ सुरू केली: मंडळाचे पुढील पुस्तक.

"थांबा वो जरा," चिमणाबाई म्हणाल्या. "तुमी तिगांनी ह्ये कवाच वाचलंय न्हवं?"

"हो. सव्वा वर्ष होऊन गेलं."

"लोबोबाई, तुमी रडलासा बी म्हनं."

"रडले तर," लोबोबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"मग?"

बारदेस्करांनी सवयीनं कार्यवृत्ताची मागची पानं उलटली. बाहेर फादरांनी राजदूतला एक लाथ मारून पाहिली.

"चिमणाबाई, निर्णय सांगा," अल्वारिससाहेब कोटाचं बटण लावत म्हणाले. "मंडळानं हे पुस्तक घ्यायचं, की नाही?"

चिमणाबाईंनी टेबलावरचं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं आणि काखेत धरलं.

"पुस्तक लई ब्येस हाय, सायब. पन शिकल्याल्या मान्साला वाचलं, डोळं पुसलं, की केल्यासारकंच वाटतंय. तवा ह्ये तुमाला नगो."