ओसाड गावावरील वामनरावांची स्वारी

श्रीकूलर प्रसन्न. नागपूर सुभ्यातील राजमान्य राजश्री समस्त वाचक यांचे सेवेसी: मे महिन्यात मानेवाड्याचे मुक्कामी थोर मोहीम जाहली आणि तीत एकही तलवार उपसली गेली नाही, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो, चित्त देऊन ऐकावे.

खासे वामनराव वीज खात्यातून सन्मानाने निवृत्त होऊन आरामखुर्चीच्या तख्तावर विराजमान. कन्या भूमिका, हिने चांगली नोकरी सोडून संगणकावर एक खेळ सिद्ध केला. खेळ कैसा, तर मारणे नाही, पळणे नाही, गनीम औषधालाही नाही. निर्मनुष्य गावात एकट्याने चालावे आणि घरोघर शिरून गावकरी कोठे गुप्त जाहले याचा माग काढावा आणि शेवटी टेकडीवरची घंटा वाजवावी. वामनरावांचे मनी मात्र बँकेची परीक्षा. बहुत कटकट होऊन अखेर तह ठरला की पिताजींनी जातीनिशी खेळावे; कंटाळून मध्येच उठले तर कन्येने बँकेची परीक्षा द्यावी, घंटा वाजवली तर बँकेचे नाव या घरी पुन्हा काढू नये. घटकाभरात उठून येऊ, ऐसा वामनरावांचा होरा.

मग भर दुपारी माउस हाती धरून स्वारी गावात दाखल जाहली आणि पहिल्या घरासमोर जी थबकली ती थबकलीच. मुलूख सुनसान, दार सताड उघडे, वारा घोंघावतो आहे. पाहणाराचे काळीज हालावे म्हणोन कन्येने वर्षभर खपून ती शांतता रचलेली. वामनरावांस त्यात काडीचे नवल वाटले नाही.

“बाबा, दार उघडं आहे नं, जा नं आत!”

“काहून जाऊ? लोक झोपून राहिले असतीन.”

“कोणी नाही तिथं! गायब झालेत सारे!”

“मे महिन्यात आपल्या गल्लीतले बी गायबच असतेत वं.”

ऊन उतरेतो कूच बंद, ऐसे फर्मान सोडून त्यांनी पडद्यावरच्या निंबाखाली छावणी दिली. उठावे तर बँक फत्ते. परंतु गावात येऊन कोणास न भेटता माघारी फिरणे घराण्याच्या इभ्रतीस शोभेना. आणि खेळातला सूर्य तर कन्येने माथ्यावर खिळलेला, तो काय उतरणार? ऐसा वेढा लांबला आणि कन्या रडकुंडीस आली.

तेव्हा मातोश्री रंभाबाई मुदपाकखान्यातून कुमकेस धावल्या. “भूमे, तुह्या बापाले सख्ख्या भावाच्या घरी बी हाक मारल्याबिगर पाय टाकता येत नाही. इथं तं सारे अनोळखी.”

कन्येचे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने तहकुबी पुकारली, पिताजींस टरबूज खावयास पाठविले, आणि हे उठणे तहात धरू नये ऐसा ठराव जाहला. मग सूर्य खिळ्यावरून काढून खाली आणला आणि मोबाइलात मातोश्रींचा आवाज भरून तो खेळातल्या घरात नेऊन बसविला.

स्वारी पुन्हा दाखल होते तो ऊन कलते आहे आणि आतून हाक आली, “या नं भाऊ, बाहेर काहून उभे?”

वामनरावांनी बनियन सारखी केली आणि आत शिरले. माठ भरलेला, बाज रिकामी, माणूस नाही.

“अवं, आत्ता तं बोलली ते बाई! गेली कुठं?”

मग मात्र अंगावर काटा उभा राहिला आणि खाशांनी घरामागून घर धुंडाळले, आणि निघताना प्रत्येक दार कुत्रे शिरू नये म्हणोन ओढून घेतले, आणि धुंडाळता धुंडाळता टेकडीवर पोचले. घंटेची दोरी समोर. एक हिसका आणि बँक बुडाली. हात अडखळला.

“बाबा, मनातून नसन तं राहू द्या.”

“थांब वं. गेलेल्या लोकाईले कळू तं दे, कोणी भेटाले आलं होतं.”

आणि घंटा वाजवली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जखमी कोणी नाही, कैद कोणी नाही, बँकेची परीक्षा तेवढी रणी पडली. वामनरावांनी तह शब्दशः पाळला आणि त्या बाईचा गोड आवाज कोणाचा, ऐसे भरल्या घरात पुसते जाहले. जन्माची सोबत करणाऱ्या रंभाबाईंचा आवाज त्यांस ओळखू आला नाही, हे कलम तहनाम्यात घातले नाही. त्याचा निवाडा मुदपाकखान्यात स्वतंत्रपणे चालू आहे.