जप्तीचा सोफा आमच्याच दिवाणखान्यात

सकाळी साडेदहाला कोर्टाच्या बेलिफाने आमच्या कंत्राटदाराच्या घराची बेल वाजवली. मी त्याच्या मागे छाती काढून उभा होतो. याच कंत्राटदाराने आमच्या स्वयंपाकघराची भिंत पाडली, आगाऊ पैसे घेतले आणि गायब झाला. बायको तेव्हापासून बाल्कनीत पोळ्या लाटते. खटला मी जिंकला होता! आता त्याचं सामान लिलावात काढायचं आणि भिंत उभी करायची, इतका साधा हिशेब.

"दाखवा, काय जप्त करायचं ते," बेलिफ म्हणाला.

"तो पलंग!"

"अंथरूण-पांघरूण, पलंग कायद्याने घेता येत नाही."

"ती ड्रिल मशीन!"

"माझी हत्यारं आहेत, दादा," कंत्राटदार गरीब चेहऱ्याने म्हणाला. "पोटावर पाय देता का?"

"हत्यारंही नाही," बेलिफ म्हणाला.

एवढी हत्यारं होती, तर माझी भिंत उभी करायला काय झालं होतं? शेवटी हाती लागला एक सोफा. लाल, मखमली, पाणघोड्याएवढा!

"कोर्टाच्या गोदामात जागा नाही," बेलिफ म्हणाला. "तुमच्याकडे ठेवा. या सुपूर्तनाम्यावर सही करा, म्हणजे सोफा तुमच्या ताब्यात. पण वापरायचा नाही. काही झालं तर जबाबदारी तुमची."

मी विजयाच्या भरात सही ठोकली.

सोफा आत येईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली. बायकोने सोफा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"अहो, यावर बसायचं नाही?"

"नाही."

"म्हणजे आपण जमिनीवर आणि हा रिकामा? उत्तम. आणखी काय काय जिंकलंत?"

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार हजर. "माझा माल नीट आहे ना, बघायला आलो," म्हणत तो थेट सोफ्यावर बसला!

"उठा! जप्तीचा माल आहे!"

"पण माझा आहे ना, दादा."

मी तडक बेलिफाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जप्ती झाली म्हणजे मालकी गेली असं नाही. लिलावापर्यंत मालक तोच. त्याला माल बघू द्या."

"बघायला बसावं लागतं?"

"ते कोर्टाला विचारा."

मग तो रोज येऊ लागला. आम्ही सतरंजीवर, तो मखमलीवर! एकदा चहा पिता पिता स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाला, "वहिनी, ही भिंत कुणी अशी अर्धवट सोडली हो?"

"तुम्हीच!" बायको कडाडली.

"तरीच. पाडकाम किती सफाईदार आहे बघा!"

मी त्याला जिन्यापर्यंत हाकललं. त्याने निघताना एवढंच विचारलं, "तो उघडा पाइप बंद केलात ना, दादा?"

नव्हता केला. तो पाइप त्यानेच नुसतं एक बूच कोंबून तसाच टाकला होता! रात्री पाण्याचा दाब वाढला, बूच उडालं आणि धार पडक्या भिंतीतून थेट सोफ्यावर. सकाळी सोफा फुगलेला, रंग जमिनीवर, आमच्या सतरंजीवर, माझ्या पायजम्यावर.

"माझा सोफा!" कंत्राटदार दारातच गहिवरला. त्याचे डोळे खरोखर भरून आले. मग तो डोळे पुसत कोर्टात गेला.

परवा बेलिफ आला. या वेळी बेल माझी. ताब्यातल्या मालाची हेळसांड का केली, खुलासा द्यावा, अशी नोटीस. लिलाव स्थगित.

"पण पाणी त्याच्याच कामामुळे आलं!" मी ओरडलो.

"मग तसं लेखी द्या. पाइप पुरावा झाला."

बायको लगेच म्हणाली, "मी आजच प्लंबरला बोलावते."

"बोलावू नका, ताई," बेलिफ म्हणाला. "पुराव्याला हात लावता येत नाही. पाहणी होईपर्यंत पाइप आहे तसाच ठेवायचा."

पाहणीची तारीख अजून पडलेली नाही. पाइपाखाली पातेलं ठेवलंय. रात्री आम्ही आळीपाळीने उठतो.