रत्नाक्काच्या नावाची हरकत

भूपालअप्पा मगदुमांना बसायला खुर्ची दिली, की ते आधी आजूबाजूच्या खुर्च्यांची चौकशी करत. "पूर्वेला कोण बसतंय? आनि पश्चिमेला?" चारी बाजूंची खात्री पटली, की मग टेकायचे. कोडोलीत जन्मभर जमिनीचे व्यवहार केलेला माणूस! सातबारा, मोजणी, चतुःसीमा याशिवाय त्यांचं पान हलत नसे. लग्नपत्रिका दिली तरी उलटी करून शिक्का शोधत.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी इंटरनेट कॅफे नुकतंच काढलं होतं. एका सकाळी अप्पा टोपी सारखी करत आत आले. त्यांनी नवा धंदा सुरू केला होता, शेंगदाण्याच्या चटणीचा. तीही बिनलसणाची! कोल्हापुरात बिनलसणाची चटणी विकायला छाती लागते.

"पुतन्या म्हनतोय, इंटरनेटवर जागा घ्या. दावा बघू जागा."

"अप्पा, दाखवायला जागा नसते. नाव घ्यायचं असतं. काय ठेवायचं?"

"रत्नाक्का. दुसरं न्हाई चालायचं."

"कोण ह्या?"

"हाय एक," म्हणून अप्पा उगाच खाकरले.

मी शोधून पाहिलं. "रत्नाक्का डॉट कॉम मोकळं आहे. आत्ता घेऊन टाकू."

"मोकळं? आधी कुनाचं हुतं?"

"कुणाचंच नव्हतं."

"कुनाचंच न्हाई ती जमीन गायरान असती, पावणं. मला गायरान नगं."

मी हात जोडले. अप्पा उठले आणि थेट वकिलाकडे गेले. चौथ्या दिवशी पेपरात जाहीर नोटीस! 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, रत्नाक्का डॉट कॉम हे नाव आमचे अशील घेणार असून, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत खालील पत्त्यावरील इंटरनेट कॅफेत समक्ष येऊन कळवावी.' खाली माझा पत्ता.

"अप्पा, हे वाचून कुणीही उठेल आणि नाव आधी घेऊन टाकेल!"

"घिऊ दे. पन मागनं कुनी म्हनाय नगं, मला इचारलं न्हाई."

पंधरा दिवस माझाच जीव टांगणीला. रोज सकाळी देवाला नमस्कार करायच्या आधी मी ते नाव शिल्लक आहे का बघायचो. पंधराव्या दिवशी अप्पा कॅफे उघडायच्या आधीच पायरीवर हजर. दाराकडे तोंड करून बसले. पाऊल वाजलं की अर्धवट उठायचे. एक जण झेरॉक्स विचारायला आला, एक मुलगी निकाल बघायला. चहा आला, तो तसाच निवला.

संध्याकाळी मी टाळी वाजवली. "जिंकलात, अप्पा! कुणाची हरकत नाही!"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मलकापुरात हा पेपर जातोय न्हवं?"

"जातो की."

"अक्का वाचती. नोटिसांसकट समदा वाचती. थोरली भन माझी, मलकापुरात दिलीया. ही चटनी तिच्याच हातची. वाटणीच्या वक्ताला हक्कसोडीचा कागद फुडं केला, तिनं गप सही केली. मीच तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावरनं तिचं नाव कमी करून आनलं. त्या दिवसापास्नं आमच्या उंबऱ्याला आली न्हाई. मला जायाला तोंड न्हाई. वाटलं हुतं, हरकत घ्यायला तरी यील."

मी नाव नोंदवायचा फॉर्म उघडला.

"मालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"तिचंच लावा. कुठंतरी लागू दे."

अशी नावं दरवर्षी नव्याने नोंदवावी लागतात. त्याला नोटीस लागत नाही, हे मी अप्पांना सांगणार होतो; पण वर्ष भरत आलं तेव्हा पेपरात नोटीस आधीच आली होती. नोटिशीच्या शेवटच्या दिवशी मी दाराकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या. अप्पा एकीवर बसले. शेजारी कोण बसतंय, हे त्यांनी विचारलं नाही.