दिवा सुरू असल्याचे आढळले

‘छायाचित्र अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा काढा.’ मोबाइल नाकाशी धरून घड्याळजींनी तिसऱ्यांदा वाचलं.

“अरे, अंधाराचा फोटो अस्पष्टच येणार!” ते मोबाइलवर खेकसले.

गल्लीतला एकुलता एक दिवा बंद पडून महिने उलटले होते. घड्याळजींची सून दवाखान्यात नर्स. दुसरी पाळी संपवून बिचारी त्याच अंधारातून घरी यायची. मध्यंतरी खड्ड्यात पाय मुरगळून लंगडत आली आणि वर हसून म्हणाली, “काही नाही हो बाबा.” तिच्या त्या हसण्यानंच म्हाताऱ्याला जास्त काळजी लागली. घ्यायला जावं, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. “संध्याकाळी एक पाऊल बाहेर टाकाल तर याद राखा,” असा सुनेचा सक्त दम. तक्रार करावी, तर नगरपालिकेनं खिडकी बंद करून सगळा कारभार मोबाइलवर नेलेला.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी डोकं चालवून भर दुपारी फोटो काढला. खांब, दिवा, दिव्यावर बसलेला कावळासुद्धा लख्ख आला. तासाभरात उत्तर आलं, ‘दिवसा दिवा बंद असणे योग्यच आहे.’

“त्यांचंही बरोबर आहे हो,” शेजारच्या शिवणवाल्या काकू म्हणाल्या. “फोटो अंधार पडल्यावरच काढायचा, पण दिसायला हवा. उजेड आपण करू की!”

झालं. दिवेलागणीला काकूंनी शिलाई मशीनचा दिवा लांब वायरीवर बाहेर आणला. बेकरीवाल्यानं मोटारसायकल खांबाच्या दिशेनं उभी करून हेडलाइट सोडला. समोरचे गच्चीवर बॅटऱ्या घेऊन चढले.

“जरा वर मारा! दिव्याच्या तोंडावर!” घड्याळजींना अगदी चेव चढला होता. फोटो इतका झकास आला की काकूंनी तो बहिणीलाही पाठवला.

सकाळी नगरपालिकेचा निरोप हजर. ‘पाहणीअंती दिवा सुरू असल्याचे आढळले. तक्रार निकाली. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

घड्याळजींच्या अंगाचा तिळपापड झाला. एकच तारा द्यायचा म्हणून त्यांनी बोट टेकवलं, पण रागाच्या भरात ते असं घसरलं की पाचही तारे लागले. ते मागं घ्यायची सोय नव्हती.

त्याच दुपारी वायरमन शिडी घेऊन धापा टाकत आला.

“आता कशाला आलात?” घड्याळजी कडाडले. “तुमच्या लेखी दिवा चालू आहे ना?”

“चालू आहे, तीच तर पंचाईत झालीय, काका! आमच्या खात्याला पाच तारे कधी मिळालेच नव्हते. साहेब खूश होऊन उद्या या दिव्याखाली स्वतःचा फोटो काढायला येतायत. दिवा लागला नाही तर माझी धडगत नाही. शिडी धरता का जरा?”

घड्याळजींनी शिडी धरली. संध्याकाळी गल्ली उजळून निघाली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. सुनेचा पाय मुरगळला त्या दिवसापासून घड्याळजी तिचा दम रोज धाब्यावर बसवत होते. पाळी सुटायच्या वेळी बेकरीच्या भिंतीला टेकून अंधारात उभे राहायचे, ती पुढं गेली की मागोमाग निघायचे आणि मागच्या दारानं आत शिरून अंथरुणावर पडायचे. आजही सवयीनं येऊन उभे राहिले होते. आपण उजेडात आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सून पुढ्यात उभी होती.

“मी... आपलं... दिवा नीट लागलाय का ते बघायला आलो,” ते चाचरले.

“बरं. आणि इतके दिवस काय बघायला येत होतात?”

घड्याळजी गारच पडले. “तुला... तुला माहीत होतं?”

“तुमचा गुडघा वाजतो हो, बाबा,” त्यांचा हात आपल्या हातात घेत ती म्हणाली. “तुम्हाला घाई होऊ नये म्हणून तर मी रोज इतकी सावकाश चालायचे.”