व्हरांड्यातले भाऊ

बार्शीच्या शालनबाईंनी ज्या ब्लॉगची फीड लावली होती, त्याचा लेखक दर नव्या लेखाला त्यांच्या घरी येऊन, खुर्चीत बसून, तो लेख स्वतः म्हणून दाखवायचा. यात शालनबाईंचं विशेष काही नव्हतं. दुधाचा रतीब लावला की दूध येतं, तशी फीड लावली की लेखक येतो. मूळ लेखक जिथे असेल तिथेच असतो. येते ती त्याची प्रत. प्रत कुणाला ओळखत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. शेवटचं वाक्य म्हणून झालं की उठते आणि फाटकाबाहेर पडली की दिसेनाशी होते.

शेजारच्या महानंदाकाकूंनी पाककृतींची फीड लावली होती. तिची लेखिका एकदा मिठाचं प्रमाण चुकलं म्हणून लेख दुरुस्त करून पुन्हा आली आणि भरलं वांगं पहिल्यापासून सांगायला लागली. शालनबाईंचे यजमान अशोकराव क्रिकेटच्या एका ब्लॉगचे वाचक. तो गृहस्थ मुलखाचा कंजूष. दारातच उभा राहून पहिल्या चार ओळी सांगायचा, 'पुढचं ऐकायचं असेल तर माझ्या साइटवर या,' म्हणायचा आणि चालू पडायचा. अशोकराव त्याला माघारी नावं ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याची वाट बघत.

शालनबाईंकडे यायचा तो श्रीरंग. त्याच्या ब्लॉगचं नाव 'विनंती थांबा'. पंपांच्या कंपनीच्या कामासाठी तो गावोगाव फिरायचा आणि ज्या एसटी स्टँडवर उतरेल तिथला चहा, तिथली बाकडी, नळ, चौकशीच्या खिडकीतला माणूस, यांच्याविषयी लिहायचा. लेख पुरा पाठवायचा, हात आखडता घ्यायचा नाही. आणि हा श्रीरंग शालनबाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता.

आई गेली तेव्हा तो नव्या नोकरीवर पार आसामात होता. शालनबाईंनी त्याला आजारपणाचं कळवलं नाही. नवी नोकरी, लांबचा पल्ला, तो येईतो आई बरी होईल, असं त्यांनी धरलं आणि आई बरी झाली नाही. श्रीरंग पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात बॅग ठेवून तो एवढंच म्हणाला, "ताई, तू मला कळवलं नाहीस." त्यानंतर तो बोललाच नाही. फोन नाही, राखीला उत्तर नाही, भाऊबीजेला येणं नाही. वर्षं लोटली. मग कुणीतरी त्याच्या ब्लॉगचं सांगितलं आणि शालनबाईंनी त्याच दुपारी फीड लावून टाकली. कुणी लावली हे लेखकाला कळत नाही, हे त्यांना बरं वाटलं.

तेव्हापासून भाऊ घरी येऊ लागला. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, बॅग वाहून उजवा खांदा उतरलेला. खुर्चीत बसायचा, समोरच्या भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "वाचकहो." बहिणीच्या घरात बसून वाचकहो. शालनबाईंच्या ते फार जिव्हारी लागायचं. पण आवाज त्याचा होता, आणि त्या आवाजापायी त्यांनी परांड्याचा, करमाळ्याचा नि उमरग्याचा चहा निमूट ऐकून घेतला.

एका दुपारी तो आला आणि म्हणाला, "वाचकहो, काल बार्शीला उतरलो."

शालनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. श्रीरंगने स्टँडवरचं बाकडं सांगितलं, कँटीनमधला चहा सांगितला, बशी न मागता मिळाली हेही सांगितलं. मग जरा थांबला आणि म्हणाला, "या गावात माझं..."

शालनबाई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. ऐकणारा उठला की प्रत तिथल्या तिथे थांबते, असा नियमच आहे. पुढे 'कुणी नाही' असं येणार, याची त्यांना जवळजवळ खात्री होती, आणि ते त्याच्या तोंडून ऐकायचं धैर्य त्यांना झालं नाही. चहा टाकून परत आल्या, तर भाऊ खुर्चीत तसाच, तोंड किंचित उघडं. वाक्य संपलं नव्हतं म्हणून तो गेला नव्हता. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की वाक्य ऐकलंच नाही, तर भाऊ जाणारच नाही. त्यांनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि निवून गेल्यावर उचलला.

भाऊ राहिला. त्याच्या समोर बसलं की तो बोलायला लागेल, म्हणून शालनबाई त्याच्या पाठीमागूनच वावरू लागल्या. पाठीमागूनच त्याच्याशी बोलत. "रंगा, आज शेवग्याच्या शेंगा कोवळ्या मिळाल्या बघ." केर काढताना त्याचे पाय हलकेच उचलून ठेवत. अशोकरावांनी एक-दोनदा "श्रीरंगराव, पंखा लावू का?" असं विचारलं, उत्तर आलं नाही तेव्हा लावून टाकला. घरात कुणीतरी माहेरचं बसलेलं आहे, या समाधानात शालनबाईंना झोप चांगली लागू लागली.

मग श्रीरंगने पुढचा लेख लिहिला. फीड आपलं काम चुकवत नाही. दुसरा श्रीरंग दारात हजर झाला. आधीचा लेख संपल्याशिवाय पुढचा आत येऊ शकत नसल्यामुळे तो व्हरांड्यात बसला. काही दिवसांनी तिसरा आला आणि त्याच्या शेजारी बसला. शालनबाईंनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्या. भाऊबीजेला त्यांनी सगळ्यांना उभ्याउभ्याच ओवाळलं, आतल्याला आधी, मग बाहेरच्यांना आले त्या क्रमाने. ओवाळणी कुणी घातली नाही, प्रतींच्या खिशात काही नसतंच. सगळ्यात शेवटच्याला गंध लावताना मात्र त्यांचं बोट सरकलं आणि गंध भुवईपर्यंत ओघळलं, कारण त्याला उचकी लागली होती.

व्हरांडा महानंदाकाकूंचा आणि त्यांचा सामाईक होता. काकूंनी बरेच दिवस कळ काढली. एक दिवस मात्र सुपातले शेंगदाणे पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "शालनबाई, तुमच्या भावाबद्दल माझं काय म्हणणं नाय. गुणाचा हाय, वर मान करून बघत नाय. पण मला वाळवण घालायला जागा कुठं राहिली सांगा की. आन् त्या टोकाच्याची उचकी रात्रंदिवस चालू. माझं देवाचं म्हणणं सारखं चुकतंय."

अशा रीतीने फीडच्या ऑफिसातून घोलप पाहणीला आले. सडपातळ, सावकाश बोलणारे, चप्पल बाहेर काढून ठेवणारे गृहस्थ. त्यांनी व्हरांड्यातल्या प्रत्येकासमोर उभं राहून नीट बघितलं आणि आत येऊन बसले.

"एकूण पाच," ते म्हणाले. "सगळे तुमचे भाऊ?"

"भाऊ एकच आहे," शालनबाई म्हणाल्या. "लेख पाच झाले."

"बरोबर. हे आतले कुठे थांबलेत?"

"'या गावात माझं' एवढं बोलून."

घोलपांनी खुर्चीकडे बघितलं. "जागा अवघड आहे," ते म्हणाले. "पण बाई, बाहेर त्या शेवटच्या दोघांना उचकी आहे. म्हणजे मूळ माणसाला आहे. कुणी आठवण काढली की लागते, तीच. एरवी आठवण येते नि जाते, आपण दोन-चार नावं घेतली की थांबते. इथं आठवण खुर्ची मांडून बसवलीय. मागं एका विनोदी लेखकाला अशीच लागली होती. लोक शेवटचा विनोद उद्यावर ठेवायचे. त्यांना घास गिळता येईना."

शालनबाईंचा चेहरा उतरला. "रंगाला जेवता येत नसेल?"

"अवघडच जात असेल."

"मग मी काय करू?"

"पुरा ऐका, किंवा फीड काढून टाका. काढलीत तर सगळे एकदम जातील, पण न सांगता."

"त्याला एवढं कळवता नाही का येणार, की मी इथे ऐकते आहे?"

"फीड एकाच बाजूनं चालते, बाई. त्यांना काही कळवायचं असेल, तर तुमचा स्वतःचा ब्लॉग काढा. त्यांनी तुमची फीड लावली, तर तुम्ही त्यांच्याकडे जाल."

"आणि नाही लावली तर?"

"तर तुम्ही घरीच असाल," घोलप म्हणाले आणि चपला घालून गेले.

शालनबाईंनी पदराने हात पुसले, खुर्ची ओढली आणि भावाच्या समोर बसल्या. इतक्या दिवसांनी त्याचं तोंड हललं.

"...एक घर आहे," श्रीरंग म्हणाला. "तिकडे जाणाऱ्या रिक्षा स्टँडच्या डाव्या अंगाला लागतात. मी उजव्या अंगाने बाहेर पडलो आणि गाडी लागेपर्यंत डावीकडे बघत उभा राहिलो. चहा बरा होता. भेटू."

तो उठला. शालनबाई फाटकापर्यंत त्याच्या मागोमाग गेल्या. एवढे दिवस ज्या वाक्याला त्या घाबरल्या होत्या ते असं निघालं, आणि तरी तो गेलाच. फाटकाशी उभं राहून त्या पोटभर रडल्या, मग डोळे पुसून पुढच्याला आत घेतलं.

पुढचे त्यांनी ओळीने ऐकले. मोहोळचा नळ ऐकला, नळदुर्गचा चहा ऐकला. चौथ्याला वाक्यावाक्यात उचकी येत होती, तरी त्याने बाकड्यांची तक्रार पुरी केली. शेवटचा आत आला तो घामेजलेला होता.

"वाचकहो," तो म्हणाला, "या वेळी स्टँडचं काही नाही. उचकी जात नाही. साखर खाऊन झाली, श्वास धरून झाला. नावं घेऊन झाली. कंपनीतल्यांची घेतली, शेजाऱ्यांची घेतली, भांडलो त्यांचीही घेतली. एक नाव राहिलं आहे. ते मी मुद्दाम घेतलेलं नाही."

एवढाच लेख होता. तो उचक्या देत फाटकाबाहेर गेला. शालनबाई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. रागवावं माणसाने, पण इतकं, की उचकी परवडली आणि बहिणीचं नाव नको. हे त्यांना त्या बार्शीच्या वाक्यापेक्षाही जास्त लागलं. अशोकरावांना त्या तसं म्हणाल्यासुद्धा. अशोकरावांनी व्हरांड्यातल्या खुर्च्या एकात एक घातल्या.

नंतर श्रीरंग आला तो बरा होऊन आला. भूमच्या स्टँडविषयी सांगून शेवटी म्हणाला, "उचकी आपोआप थांबली. जेवण जातं. खोलीत फार शांत वाटतं. भेटू." शालनबाईंनी तो पुरा ऐकला आणि जाऊ दिला.

मग त्यांनी स्वतःचा ब्लॉग काढला. 'कळवण्यास कारण की' असं नाव दिलं आणि एकच लेख लिहिला. पहिला शब्द त्यांनाही 'वाचकहो' असाच लिहावा लागला, फीडमध्ये दुसऱ्या कुणाला हाक मारता येत नाही. आईने शेवटच्या दिवसांत काय काय खाल्लं ते त्यांनी लिहिलं. खिडकी किती वेळा उघडायला आणि किती वेळा लावायला सांगितली ते लिहिलं. 'ती विचारत होती, आसामात पाऊस फार असतो म्हणतात, रंगाने छत्री नेली का. मी म्हटलं, नेली. मला माहीत नव्हतं. मी कळवायला हवं होतं.' तिथे लेख संपवला.

महानंदाकाकूंनी लगेच फीड लावली. शालनबाई कुंपणापाशी कपडे वाळत घालत असताना त्यांची प्रत शेजारच्या घरात बसून लेख म्हणत होती. काकू डोळे टिपत बाहेर आल्या. "पुरं ऐकलं हो बाई. फाटकापर्यंत सोडून आले." बाकी कुणी लावली, लावली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. श्रीरंग अधूनमधून येत होता, नव्या नव्या स्टँडचे चहा सांगून जात होता, आणि लेखात तसं काही नसायचं.

एका सकाळी, तांदूळ निवडताना, शालनबाईंना उचकी लागली.

"पाणी पी," अशोकराव पेपरातून म्हणाले.

पाणी प्यायल्या. थांबली नाही. मग नेहमीप्रमाणे नावं सुरू झाली. लेकीचं घेतलं, जावयाचं घेतलं, लातूरच्या नणंदेचं घेतलं. महानंदाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "माझं घेऊ नका, मी तर पुरं ऐकलंय." तरी त्यांचंही घेतलं. शाळेतल्या मैत्रिणींची घेतली, घोलपांचंसुद्धा घेतलं. उचकी जागची हलेना. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत आपण खुर्चीत बसलो आहोत, एक वाक्य म्हणायचं राहिलं आहे, आणि पाठीमागून कुणीतरी वावरतं आहे, असं शालनबाईंना वाटलं आणि त्यांचा हात तांदळात थांबला.

"एक राहिलं की," अशोकराव म्हणाले.

"माहीत आहे."

"मग घे की ते. थांबेल."

"म्हणून तर नको," शालनबाई म्हणाल्या.

अशोकरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. शालनबाईंनी ताट पुढे ओढलं आणि उचक्या देत देत खडे काढायला बसल्या.